वेसण कुणाच्या हातात होती?

ताई,

मी टी.वाय.ला आहे, मानसशास्त्र. गाव बार्शीजवळ, इथे कर्वेनगरला पीजीत राहते. आमची एकांकिका प्राथमिक फेरीतून निवडली गेली, त्या रात्री दिग्दर्शकाच्या, म्हणजे आमच्याच एका सीनियरच्या फ्लॅटवर पार्टी झाली. मी साडेदहाला निघाले, कारण पीजीच्या काकू अकराला आतून कडी घालतात. माझी मैत्रीण एस.वाय.ला आहे, १९ वर्षांची. तिच्या होस्टेलचं गेट दहालाच बंद झालं होतं म्हणून ती थांबली. साडेअकराच्या सुमाराला त्याने उरलेल्या दोघा मुलांना सिगारेट आणि आइस्क्रीम आणायला पाठवलं. मग जे झालं ते तिने मला आठ दिवसांनी सांगितलं. ती नको म्हणत होती. याला आता दोन महिने होऊन गेले. ती तालमीला येते, त्याच्यासमोर उभी राहून वाक्यं म्हणते. ज्यांना कळलंय ते म्हणतात, तो प्यायलेला होता, त्याच्या हातून झालं, फायनलनंतर बघू. एक जण तर म्हणाला, असल्यांना फाशीच दिली पाहिजे, पण माझं नाव कुठे घेऊ नकोस.

गेल्या आठवड्यात क्रिमिनॉलॉजीच्या तासाला सरांनी रॅशनल चॉइस शिकवलं. गुन्हा घडायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात, त्यातली तिसरी 'सक्षम रखवालदाराची गैरहजेरी'. वहीत लिहिता लिहिता माझा हात थांबला. ती रखवालदार मीच ना? आणि प्यायलेला माणूस हिशेब कसा करेल? मी तक्रार करू का? ती कर म्हणत नाही, करू नको असंही म्हणत नाही. होस्टेलला कुणकुण लागलीय बहुतेक, आता गेट नऊला बंद करणार म्हणे.

के., कर्वेनगर

—

के.,

तुझा मेल पहाटे पावणेतीनला आलाय. म्हणजे झोप तुझीही उडालेली आहे. "तुझी काही चूक नाही गं" असं मी म्हटलं तर तू मान डोलावशील आणि पुन्हा ती वही उघडून बसशील. वहीतल्या वाक्याचा काटा रुतलाय, तर तो वहीतल्याच काट्याने काढू.

एक गोष्ट आधीच सांगते. मी चौकशी समिती नाही, आणि एका पत्रावरून कुणाला दोषी ठरवायचा मला अधिकार नाही. तू लिहिलंस ते खरं धरून पुढचं लिहितेय.

'रॅशनल'चं मराठी कुणी 'विवेकी' करतं, तिथे माझी जीभ अडखळते. आपल्याकडे विवेक म्हणजे बरंवाईट ओळखणं, आणि या सिद्धांताला तसलं काही म्हणायचं नाही. मी 'हिशेबी' म्हणते. गुन्हा करणारा मनात कच्चा हिशेब मांडतो: यात मला काय मिळेल, खटाटोप किती, सापडण्याची शक्यता किती, सापडलो तर काय होईल. वाणी पुडीच्या कागदावर पेन्सिलीने आकडे मांडतो ना, तितपतच. डेरेक कॉर्निश आणि रोनाल्ड क्लार्क यांनी १९८६ मध्ये ही मांडणी पुढे आणली तेव्हा हेही सांगितलं होतं की हा हिशेब घाईतला असतो, अपुऱ्या माहितीवरचा असतो आणि पुष्कळदा चुकतो. तेव्हा प्यायलेला माणूस हिशेब कसा करेल? वाईट करेल. पण करेल.

तुझ्या पत्रातल्या एका ओळीपाशी मी थांबले. साडेअकराला त्याने दोघांना सिगारेट आणि आइस्क्रीम आणायला पाठवलं. सिगारेटच्या पाकिटाला दोन माणसं लागत नाहीत. आणि त्या वेळी आइस्क्रीम कोपऱ्यावर मिळत नाही, त्यासाठी गाडी काढावी लागते, हे त्या भागात राहणाऱ्या मुलाला पक्कं माहीत असतं. शुद्ध हरपलेला माणूस अशी कामं वाटून देत नाही.

आता त्याच्या पुडीवरचे बाकीचे आकडे बघ. होस्टेलचं गेट दहाला बंद, म्हणजे ही सकाळपर्यंत कुठे जाऊ शकत नाही. भूमिका त्याने दिलेली, म्हणजे ती काढून घेणंही त्याच्याच हातात. फायनल तोंडावर, म्हणजे संघातलं कुणी चकार शब्द काढणार नाही. फ्लॅट त्याचा. आणि सगळ्यात मोठा आकडा ओळखीचा. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, आकडेवारीत वर्षानुवर्षं हेच दिसतं की बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीतला असतो. पुण्यात आपण मुलींना बोपदेव घाटाची भीती घालतो, स्वारगेटच्या उभ्या बसची घालतो. तिथल्या बलात्काराच्या घटना भयंकरच होत्या. पण त्यांच्या नावाने मुली घाटाला घाबरतात आणि फ्लॅटवर निर्धास्त असतात, कारण तिथे 'आपलीच माणसं' असतात.

दारूबद्दल कायद्याचं म्हणणं सरळ आहे. भारतीय न्याय संहितेची कलमं २३ आणि २४ बघ (जुन्या दंड संहितेत ती ८५ आणि ८६ होती). दुसऱ्या कुणी नकळत किंवा बळजबरीने पाजली असेल तरच नशेचा बचाव चालतो, आपणहून प्यायलेल्याला तो नाही. उलट समोरची मुलगी नशेमुळे काय चाललंय ते समजण्याच्या स्थितीत नसेल तर तिचं 'हो'सुद्धा संमती धरली जात नाही. तुझी मैत्रीण तर नको म्हणत होती. कलम ६३ हेही सांगतं की अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं मानायचं नाही. हे तिला सांग. बऱ्याच मुली मनातल्या मनात "मी ढकललं का नाही" याच एका प्रश्नाभोवती फिरत राहतात.

तुला अभ्यासाची गोडी आहे म्हणून दोन प्रयोग सांगते. रोनेट बाकमन, रेमंड पॅटर्नोस्टर आणि सॅली वॉर्ड यांनी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांना काल्पनिक प्रसंग वाचायला दिले आणि विचारलं, यातल्या मुलाने केलं ते तू करशील का. ज्यांना ती गोष्ट मुळातच घाण वाटली, त्यांच्या उत्तरात शिक्षेच्या भीतीने काही फरक पडला नाही. ती मुलं भीतीने थांबत नव्हती, त्यांना ते करायचंच नव्हतं. ज्यांना त्यात फारसं वावगं दिसलं नाही, त्यांचं उत्तर मात्र पकडलं जाण्याच्या शक्यतेप्रमाणे खालीवर झालं. पुढे १९९७ मध्ये पॅटर्नोस्टर यांनीच जॉर्ज लोवेनस्टाइन आणि डॅनियल नेगिन यांच्याबरोबर आणखी एक प्रयोग केला. त्यात उत्तेजित करणारी चित्रं पाहिलेल्या मुलांनी, आपण जबरदस्ती करू अशी शक्यता इतरांपेक्षा जास्त सांगितली. म्हणजे तापल्या डोक्याने हिशेब बिघडतो हेही खरं. म्हणूनच तो त्या क्षणाच्या आधी बदलावा लागतो. ते दोघे चपला घालत होते तेव्हा. त्याहून बरं, पार्टी कुठे करायची ते ठरत होतं तेव्हा.

आता रखवालदार.

ती तीन गोष्टींची मांडणी लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांची, १९७९ ची: गुन्ह्याला तयार असलेला माणूस, सोयीचं लक्ष्य, आणि सक्षम रखवालदार हजर नसणं. सरांनी ती कशावरून निघाली ते सांगितलं का? अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर सुबत्ता आली तरी गुन्हे वाढत होते, ते का, हा त्यांचा प्रश्न होता. लोक दिवसभर घराबाहेर राहू लागले आणि वस्तू हलक्या झाल्या, हे उत्तराचे दोन धागे. त्यांनी दुकानाच्या सूचीतली टीव्हीची वजनंसुद्धा काढली. १९६० मध्ये सर्वांत हलका टीव्ही ३८ पौंडांचा होता, १९७० मध्ये १५ पौंडांचा. काखोटीला मारून नेता येईल असा. टीव्हीच्या चोरीला हे चपखल बसतं. टीव्ही कुणाला नको म्हणत नाही, टीव्हीला मित्र नसतात आणि टीव्ही दुसऱ्या दिवशी तालमीला येत नाही. घरफोडीसाठी शिवलेला सदरा माणसाला घातला की तो काखेत काचतो. तुला तिथेच काचलाय.

पण गंमत अशी की तो सदरा नंतर उसवून मोठा केला गेला, आणि हा भाग बहुतेक वर्गांत वेळेअभावी राहून जातो. १९८६ मध्ये फेल्सन यांनीच त्यात आणखी एक माणूस आणला. इंग्रजीत त्याला 'हँडलर' म्हणतात, मी वेसण धरणारा म्हणते. गुन्हा करू शकणाऱ्यावर ज्याचा वचक आहे, ज्याच्यासमोर तो असं वागणार नाही, असा माणूस: आई, मोठा भाऊ, जिवलग मित्र, ज्याचं मत त्याला महत्त्वाचं वाटतं असा कुणीही. पुढे १९९४ मध्ये जॉन एक यांनी तिसरा जोडला, जागा सांभाळणारा. बसमध्ये कंडक्टर, होस्टेलवर रेक्टर, भाड्याच्या फ्लॅटवर ज्याच्या नावावर करार आहे तो.

हे तीन रकाने वहीत आखून नावं भर बघू. तिच्या बाजूने कोण होतं? तू, साडेदहापर्यंत. त्याची वेसण कुणाच्या हातात होती? त्या दोघांच्या. ते त्याचे मित्र, एकाच संघातले, रोजच्या उठण्याबसण्यातले. त्यांतला एक जरी म्हणाला असता, "मी थांबतो, तू एकटाच जा," तरी गणित फिरलं असतं. जागा कुणाची? त्याची. म्हणजे तीन रकान्यांपैकी एकात तुझं नाव अर्ध्या रात्रीपुरतं येतं, आणि तेही काकू कडी घालतात म्हणून खोडलं जातं. मग रात्री पावणेतीनला जागी तू का? ते दोघे का नाहीत? तालमीला पुन्हा भेटशील तेव्हा त्यांच्याकडे नीट बघ. मला नाही वाटत तेही शांत झोपत असतील, पण ते त्यांचं त्यांनी बघावं.

तुला रखवालदार कुणी नेमलंही नव्हतं. तू मैत्रीण होतीस आणि पार्टीतून घरी गेलीस.

आता जरा 'हातून झालं'कडे येऊ, कारण मला खरी चीड त्याचीच आली. आपल्या भाषेत ही सोय फार जुनी आहे. 'त्याने केलं' म्हटलं की करणारा वाक्यात उभा राहतो. 'त्याच्या हातून झालं' म्हटलं की हात उरतो आणि माणूस निसटतो. 'घडलं' म्हटलं की हातही जातो. कपबशी हातून फुटते. दोन माणसांना बाहेर पाठवून, दार लावून जे करतात ते हातून होत नाही. ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा यांनी १९५७ मध्ये अशा सबबींची यादीच केली होती, आणि तुमच्या ग्रुपची वाक्यं तिच्यात जशीच्या तशी बसतात. 'प्यायलेला होता', म्हणजे जबाबदारी त्याची नाही. 'ती स्वतःच थांबली', म्हणजे तिच्यावर अन्याय झालेलाच नाही. (हे तू लिहिलेलं नाहीस, पण कुणीतरी म्हटलं असणार.) 'फायनलनंतर बघू', म्हणजे संघनिष्ठा मोठी. त्यांचा मुद्दा असा की या सबबी गुन्ह्यानंतर सुचत नाहीत, त्या आधीपासून तयार असतात आणि त्यांच्या आधारानेच माणूस पुढे सरकतो. त्यामुळे हे वाक्य जितक्या वेळा कॅन्टीनमध्ये म्हटलं जातं, तितक्या वेळा तिथे बसलेल्या एखाद्या एफ.वाय.च्या मुलाला समजतं की आपल्या इथे याची किंमत काय आहे. काहीच नाही, एक करंडक मिळेपर्यंत गप्प बसणं.

तो पुन्हा असं करेल का, असंही तुझ्या मनात येत असेल. यावर अभ्यासकांतच खडाजंगी आहे. डेव्हिड लिसॅक आणि पॉल मिलर यांनी २००२ मध्ये १८८२ पुरुषांची माहिती छापली. 'बलात्कार' हा शब्द न वापरता प्रश्न विचारले तेव्हा १२० जणांनी बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न ठरेल असं वर्तन कबूल केलं, आणि त्यांतल्या ७६ जणांनी ते एकाहून अधिक वेळा केलं होतं. २०१५ मध्ये केविन स्वार्टआउट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की असं करणाऱ्या बहुतेकांना कायमचे शिकारी समजणं चूक आहे, कॉलेजच्या एखाद्या काळापुरतं करणारेही पुष्कळ असतात. मला दोन्ही वाचून एवढंच कळतं की 'तो काही तसा मुलगा नाही' या वाक्याला काडीचाही आधार नाही. आणि तो फायनलपर्यंत रोज रात्री तालमी घेणार आहे.

फाशीवाल्या मुलाबद्दल काय बोलू? चेसारे बेकारिया नावाच्या इटालियन माणसाने १७६४ मध्ये लिहून ठेवलंय की शिक्षा क्रूर असण्यापेक्षा चुकणार नाही अशी असली तर माणूस जास्त बिचकतो. त्यानंतर अडीचशे वर्षांत बहुतेक अभ्यास त्याच बाजूला झुकले. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या घटनेनंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीनेही जानेवारी २०१३ च्या अहवालात बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नाही. तरी कायद्यात ती काही गुन्ह्यांपुरती आली. तुमचा मित्र फाशी मागतो आणि साक्षीला तयार नाही. म्हणजे शिक्षा आभाळाएवढी आणि ती होण्याची शक्यता शून्य. शून्याने कशालाही गुणलं तरी काय येतं, ते त्यालाही ठाऊक असेल.

मी काही वर्षं पुण्यातल्या एका कॉलेजच्या अंतर्गत समितीवर, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीवर, बाहेरची सदस्य होते. प्रकरणांबद्दल एक अक्षर सांगणार नाही, लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं कलम १६ तसं सांगूही देत नाही. समितीच्या फलकाबद्दल मात्र सांगता येईल. तो पार्किंगकडे जाणाऱ्या दाराच्या मागे होता, दार उघडं असलं की झाकला जाणारा. त्यावर पाच नावं होती. एक बाई निवृत्त होऊन दीड वर्ष झालेलं, एक सर दुसऱ्या कॉलेजात गेलेले. खाली एकच फोन नंबर. मी तिथेच उभी राहून मोबाइलवरून तो लावला, तर शेजारच्या कुलूपबंद खोलीत बेल वाजायला लागली. बरोबरचे शिपाईमामा म्हणाले, "मॅडम, ती खोली अ‍ॅडमिशनच्या वेळी उघडतात." मुलांनी तो फलक कधी वाचला नसेल. पण त्याचा अर्थ त्यांना पुरता कळलेला होता, मुलींनाही.

सापडण्याची शक्यता ठरते ती अशा फलकांवरून. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१५ च्या नियमांप्रमाणे समितीची अध्यक्ष वरिष्ठ प्राध्यापिका हवी, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत, संस्थेबाहेरचा एक सदस्य हवा. प्रकरणात विद्यार्थी असतील तर निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधी हवेत. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख असे मोठ्या पदावरचे लोक त्यात बसू शकत नाहीत. तुमच्या समितीवर कोण आहे, ते उद्या जाऊन बघ. नावं लिहून घे, फोटो काढ.

गेट नऊला बंद करण्याची कल्पना ज्यांना सुचली त्यांना विचारावंसं वाटतं, त्या रात्री तिला तिथे अडकवून कुणी ठेवलं? गेट दहाला बंद झालं नसतं तर ती तुझ्याबरोबरच निघाली असती, दोघींनी एक रिक्षा केली असती. कुलूप तिच्या संरक्षणाचं होतं आणि कामाला आलं त्याच्या. नऊला बंद केलं तर त्याला आणखी एक तास बोनस. यूजीसीच्याच 'सक्षम' अहवालाने २०१३ मध्ये स्पष्ट सांगितलंय की सुरक्षेच्या नावाखाली मुलींच्या होस्टेलला मुलांपेक्षा वेगळे जाचक नियम लावू नयेत. रेक्टरबाईंना भेटायला जाल तेव्हा तो अहवाल घेऊन जा, आणि एकच मागणी करा: उशिरा आलेल्या मुलीला आधी आत घ्या, कारण उद्या विचारा. एकांकिकेच्या हंगामात तालमी कॉलेजच्या आवारात, संपल्यावर घरी पोचवायची सोय, आणि कुणाला कुठली भूमिका हे एकट्या दिग्दर्शकाने न ठरवणं, एवढं झालं तरी त्या पुडीवरचे निम्मे आकडे बदलतात. क्लार्क यांनी आयुष्यभर हेच सांगितलं: गुन्हा करायला कष्ट पडावेत, धोका वाटावा, मिळकत घटावी, सबब उरू नये. यातलं एकही मुलीच्या कपड्यांबद्दल किंवा तिच्या घरी येण्याच्या वेळेबद्दल नाही.

आता तुझा तिसरा प्रश्न, आणि इथे घड्याळ चालू आहे.

तू तिच्या वतीने तक्रार करू नकोस. नियमांत मित्रमैत्रिणींना तशी मुभा आहे, पण ती बाई शारीरिक वा मानसिकदृष्ट्या तक्रार करण्याच्या स्थितीत नसेल तरच. ती तालमीला उभी राहतेय, तिचा निर्णय तिचाच. त्या रात्री तिचं 'नको' कुणी ऐकलं नाही. आता तिला न विचारता आपण काही केलं तर, चांगल्या हेतूने का होईना, तेच पुन्हा होईल. पण तिला तारीख माहीत हवी. समितीकडे लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची असते. अडचण पटली तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, मात्र ते समितीच्या मर्जीवर. तुझ्या पत्रावरून जेमतेम पंचवीस दिवस उरलेत. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते, आणि चालू असताना त्याला तिच्यापासून लांब ठेवा असं ती लेखी मागू शकते. म्हणजे संघ तिने सोडायचा नाही. कुणी 'माफी मागायला लावू, मिटवून टाका' म्हणालं तर लक्षात ठेव, समेटाची गोष्ट फक्त तिने स्वतः मागितली तरच निघते आणि पैसे हा तिचा पाया असूच शकत नाही.

कॉलेज म्हणेल, फ्लॅट आमच्या हद्दीत नाही. नियमांतली 'कॅम्पस'ची व्याख्या रुंद आहे. विद्यार्थी म्हणून भाग घेतलेल्या सांस्कृतिक कार्यक्रमांच्या जागाही तिच्यात येतात. निवड झाल्याची पार्टी तिच्यात बसते का यावर वाद होईल. तो घालावा.

पोलिसांकडे जायला अशी मुदत नाही. कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, तिच्या घरी किंवा ती सांगेल त्या जागी. वकिलाची फी हा प्रश्नच नाही, शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, आणि पीडितांना आर्थिक मदत देणाऱ्या मनोधैर्य योजनेची चौकशीही तिथेच करता येते. रात्री-अपरात्री ११२ किंवा १८१.

डॉक्टरांकडे मात्र तक्रार करो न करो, जायलाच हवं, दोन महिने झाले तरी. गर्भधारणा, संसर्ग, एचआयव्ही, सगळ्या तपासण्या. कुठलंही रुग्णालय, सरकारी असो वा खासगी, बलात्कारपीडितेवर मोफत उपचार करायला बांधलेलं आहे. वेळ आलीच तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर तिला २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची कायदेशीर मुभा आहे. तू बरोबर जा, बाहेर बाकावर बस.

आणि एक काम फक्त तुझं. एक कोरा कागद घे. त्या रात्री कोण कोण होतं, तू किती वाजता निघालीस, रिक्षाचे पैसे यूपीआयने दिले असशील तर त्यावरची वेळ, तिने तुला कधी, कुठे बसून, कुठल्या शब्दांत सांगितलं, तालमीतली मुलं काय बोलली, हे सगळं आठवेल तसं लिही. खाली तारीख घालून सही कर. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप सोडू नकोस, काही डिलीट करू नकोस. हा कागद तिला हवा असेल त्या दिवशी द्यायचा. तोपर्यंत तुझ्या बॅगेत. सहा महिन्यांनी तुला कुणी विचारलं आणि तुझे आकडे मागेपुढे झाले, तर समोरचा वकील त्यावरच बोट ठेवेल.

झोपेसाठी १४४१६ वर फोन कर, टेली-मानस, मराठीत बोलतात. तू मानसशास्त्राची विद्यार्थिनी आहेस म्हणून तुला गरज नाही, असं काही नसतं.

तुझ्या मेलमध्ये मैत्रिणीचं पूर्ण नाव होतं. इथे छापण्याआधी मी ते खोडलं आणि मूळ मेलही काढून टाकला. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे. पुढच्या वेळी मला लिहितानाही नाव घालू नकोस. आणि हे उत्तर तिला वाचायला द्यायचं की नाही, तेही आधी तिला विचार.

ताई